डायजेस्ट बंद करायचं का? पुण्यातल्या एका वृक्षगटाचं प्रकरण

पुण्यातल्या झाडांकडे लक्ष ठेवणारा एक ई-मेल गट आहे. वेताळ टेकडीवर काय फुललं, तळजईच्या वाटेवर नवं काय दिसलं, कुठल्या सोसायटीतल्या झाडावर तोडीची नोटीस लागली, अशा मेल्स त्यावर वर्षानुवर्षं येतात. आधी हे सगळं याहू ग्रुप्सवर होतं. याहूने ऑक्टोबर २०१९ मध्ये जुना मजकूर काढून टाकणार असं जाहीर केलं आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच बंद केली. त्या धावपळीत गटाने एका सभासदाच्या वेबहोस्टिंगवर, मेलमन या प्रोग्रॅमवर बिऱ्हाड हलवलं. सभासद आज साडेतीनशेच्या आसपास. त्यातले साधारण चौथा हिस्सा डायजेस्टवर आहेत, म्हणजे प्रत्येक मेल सुटी न घेता दिवसभराच्या मेल्स एकत्र बांधून घेतात.

गटाला तीन व्यवस्थापक. त्यातल्या दोघांनी प्रस्ताव आणला की डायजेस्टची सोय बंद करावी. ज्यांना रोजचा भडिमार नको त्यांनी मेल बंद ठेवून वेबवरचा संग्रह पाहावा. तिसऱ्या व्यवस्थापक, शाळेतून निवृत्त झालेल्या जीवशास्त्राच्या शिक्षिका, सगळ्या गटाच्या ‘बाई’, ठाम विरोधात. मी साधा सभासद, पण पोटापाण्याचं काम सर्व्हर सांभाळण्याचं. त्यामुळे “तू जरा आत डोकावून सांग” हे काम माझ्याकडे आलं. हे त्याचं टिपण आहे. माणसं खाजगी आहेत, म्हणून नावं दिलेली नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो: डायजेस्ट ठेवावं. मात्र काढा म्हणणाऱ्यांच्या दोन तक्रारींपैकी एक अगदी खरी होती. आणि गंमत म्हणजे, जिच्यावरून आरडाओरडा झाला ती ही नव्हे.

नोटिशीचे सात दिवस

आरडाओरडा झाला तो एका वावळाच्या झाडावरून. प्रभात रोडच्या एका गल्लीत जुना बंगला पाडून इमारत होणार होती आणि आवारातली काही झाडं काढायला परवानगी मागितली होती. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे अशी परवानगी देण्याआधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते, झाडावरही ती लावावी लागते, आणि लोकांना हरकत घ्यायला सात दिवस मिळतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर झाडाचं वय फार महत्त्वाचं झालं आहे. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ ठरतं, आणि झाड काढलंच तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. म्हणजे हरकत घेताना “झाड मोठं आहे, सुंदर आहे” एवढ्याने भागत नाही. ते पन्नाशीच्या पुढचं आहे हे कशाच्या तरी आधारावर सांगावं लागतं.

एका सभासदाने शुक्रवारच्या पेपरातली नोटीस संध्याकाळी टाइप करून गटावर टाकली. सुट्या मेल्स घेणाऱ्यांना ती लगेच मिळाली. डायजेस्टवाल्यांना शनिवारी संध्याकाळी मिळाली. हरकत गेलीही, पण तीत वयाचा पुरावा नव्हता. मुदत संपल्यावर दोन-तीन दिवसांनी गटातल्या एका वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांची मेल आली: हा वावळ मी १९७३ पासून पाहतो आहे, तेव्हाच तो दुमजली बंगल्याच्या वर गेला होता, विद्यार्थ्यांना त्याची पंखवाली फळं दाखवायला आम्ही तिथे थांबायचो, एका सहलीचा फोटोही आहे.

हीच माहिती वेळेत हवी होती. सर डायजेस्टवर आहेत हे मुख्य व्यवस्थापकांना ठाऊक होतं. त्यांची दुसऱ्या दिवशीची मेल चांगलीच तिखट होती. डायजेस्ट ही सोय नसून गैरसोय आहे आणि ती गटाला परवडणारी नाही, असा तिचा सूर.

मी सरांना फोन केला. “सर, तुम्हाला ही मेल सुटी आली असती तर शुक्रवारी वाचली असती का?”

“छे हो,” सर म्हणाले. “मी आठ-दहा दिवसांतून एकदा कॉम्प्युटरवर बसतो. तुमचं ते डायजेस्ट ओळीने वाचून काढतो. सुट्या मेल्स आल्या तर कुठली आधी उघडायची इथपासून सुरुवात. मग मी उघडणारच नाही.”

“मग तुम्हाला वेळेत कळवायचं कसं?”

“फोन करायचा. आत्ता केलात तसा.”

इथेच पहिली तक्रार माझ्यापुरती निकालात निघाली. डायजेस्टमुळे एक दिवस गेला हे खरं, पण उरलेले दिवस सरांच्या सवयीने गेले, आणि शहात्तर वर्षांच्या माणसाची सवय गटाने ठराव करून बदलत नाही. सात दिवसांची मुदत असलेली गोष्ट ज्याला ठाऊक असण्याची शक्यता आहे त्याला फोन करून सांगावी लागते. गटातल्या निम्म्या लोकांकडे सरांचा नंबर होता. मेल टाकली, आता आपलं काम झालं, असं प्रत्येकाला वाटलं.

कांडोळ की सालई

दुसरी तक्रार शांतपणे आली होती आणि ती कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. गटात एक ताई आहेत, त्या फुलोऱ्याची नोंदवही ठेवतात: कोणतं झाड, कुठे, कोणत्या आठवड्यात फुललं. नोंदवहीचा कच्चा माल म्हणजे गटाचा संग्रह. त्यांनी मला एक उदाहरण दाखवलं आणि त्यावरून मला या प्रकरणाचं खरं दुखणं कळलं.

एका फेब्रुवारीत एका सभासदाने वेताळ टेकडीवरच्या एका निष्पर्ण झाडाचा फोटो टाकला. विषयाच्या ओळीत नीट लिहिलं होतं: टेकडीवरचं पांढऱ्या खोडाचं झाड, ओळख हवी. त्यावर उत्तरं आली. कुणी सालई म्हणालं, कुणी कांडोळ. दोन्ही झाडं टेकडीवर आहेत, दोन्हींची साल कागदासारखी सुटते, दोन्ही त्या दिवसांत पानं टाकून उभी असतात, त्यामुळे घोळ नेहमीचाच. सरांनी उत्तर लिहिलं ते मी पूर्ण वाचलं, आणि असं उत्तर पुस्तकात सहसा मिळत नाही. खालच्या पाचोळ्यात पान शोधा, ते सांगतात: हाताच्या पंजासारखं पाच पाळ्यांचं असेल तर कांडोळ, एका दांड्यावर दोन्ही बाजूंनी ओळीने पानं असतील तर सालई. खोड कांडोळाचं गुळगुळीत, पांढरट, ऊन पडलं की गुलाबी झाक मारणारं, सालईचं राखाडी-हिरवट. आणि कांडोळाच्या फळांना हात लावू नका, त्यांवरची लव टोचते आणि आग करते. शेवटी एक ओळ: या दोन्हींच्या मधोमध गिरिपुष्प हे परदेशी झाड लावून ठेवलंय, त्याच्याकडे बघून काही शिकू नका.

हे उत्तर त्या प्रश्नाखाली नाही. ते ‘डायजेस्ट, व्हॉल्यूम अमुक, इश्यू तमुक’ अशा विषयाच्या मेलमध्ये आहे, कारण सरांनी डायजेस्ट उघडलं आणि ‘रिप्लाय’ दाबलं. उत्तराच्या खाली त्या दिवशीचा अख्खा अंक पुन्हा चिकटलेला: कंपोस्टची चर्चा, एम्प्रेस गार्डनच्या फेरीची वेळ, कुणाचं तरी अभिनंदन. संग्रहात ‘कांडोळ’ शोधलं तर ही मेल सापडते खरी, पण अशा पंचवीस मेल्समध्ये, कारण कुणीही डायजेस्टला उत्तर दिलं की जुन्या अंकात कुठेतरी आलेला ‘कांडोळ’ पुन्हा उमटतो. मूळ प्रश्न उघडला तर त्याखाली फक्त चुकीची उत्तरं दिसतात. तीन वर्षांनी टेकडीवर आलेली मुलगी तोच प्रश्न विचारते आणि कुणीतरी सालईच सांगतं.

यामागचं कारण साधं आहे. प्रत्येक मेलला एक ओळखक्रमांक असतो. आपण उत्तर देतो तेव्हा मूळ मेलचा क्रमांक आपल्या मेलच्या माथ्यावर न दिसता लिहिला जातो आणि त्यावरून संग्रह ‘हे याचं उत्तर’ अशी साखळी लावतो. डायजेस्टला उत्तर दिलं की क्रमांक डायजेस्टचा लागतो, प्रश्नाचा नाही. साखळी तुटते, आणि नंतर कुठलाही प्रोग्रॅम ती आपणहून जोडू शकत नाही. मेलमनच्या डायजेस्टच्या माथ्यावर “उत्तर देताना विषय बदला” अशी सूचना असते. ती इंग्रजीत असते आणि कुणी वाचत नाही. विषय बदलला तरी साखळी जुळत नाहीच. निदान शोधणाऱ्याला मेल दिसते.

ताईंची बाजू म्हणून खरी. गटाची सगळ्यात जाणती माणसं डायजेस्टवर, आणि त्यांचीच उत्तरं सगळ्यात वाईट जागी पडलेली. ताई म्हणाल्या, “मला सरांचं ज्ञान हवंय हो, त्याच्याखालचं ते सव्वाशे ओळींचं शेपूट नको.”

आत डोकावल्यावर

आता माझ्या कामाचा भाग. सेटिंग्ज उघडली आणि थोड्याच वेळात लक्षात आलं की ज्या डायजेस्टवरून दोन तट पडले होते, ते डायजेस्ट असं काही या गटात नव्हतंच.

मेलमनच्या २.१ आवृत्तीत डायजेस्ट दोन कारणांनी निघतं. एक, रोज ठरलेल्या वेळी. मुळात ती वेळ सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे दुपारी बाराची असते. आपला सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. दोन, साठलेल्या मेल्सचं आकारमान एका मर्यादेपुढे गेलं की लगेच, वेळेची वाट न पाहता. ही मर्यादा मुळात ३० केबी असते, आणि आपल्याकडे ती कुणीच बदलली नव्हती.

तीस केबी ही मर्यादा निव्वळ इंग्रजी मजकुराच्या जमान्यातली. तेव्हा एक अक्षर एक बाइट घ्यायचं आणि तीस केबीत दिवसाची चर्चा मावायची. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या आजच्या अक्षरसंकेतात तीन बाइट घेतं, आणि मेलमधून पाठवण्यासाठी ते बेस-६४ या पद्धतीने साध्या इंग्रजी अक्षरांत बदललं की तिनाचे चार होतात. त्यात जीमेल तोच मजकूर साधा आणि एचटीएमएल असा दोनदा पाठवतं. हजार अक्षरांची मराठी मेल म्हणजे आठेक केबी, शिवाय वाटेतल्या सर्व्हरांनी माथ्यावर मारलेले शिक्के वेगळे. तीन बऱ्यापैकी लांब मेल्स झाल्या की अंक बाहेर.

आणि फोटो? मेलमन मुळात ४० केबीहून मोठी मेल अडवून ठेवतं. गट झाडांचा, फोटोंशिवाय चालणार कसं, म्हणून ही मर्यादा आल्या आल्याच वाढवली होती. डायजेस्टची मात्र तीस केबीवरच राहिली. परिणाम असा की फोनवरून काढलेला एक फोटो आला की मर्यादा एका झटक्यात ओलांडली जायची आणि डायजेस्ट तत्क्षणी निघायचं. त्यात कधी ती एकच मेल असायची. एका मेलचं डायजेस्ट! वर अनुक्रमणिका, ‘आजचे विषय’, खाली गटाचा पत्ता, आणि मध्ये बहाव्याचा एक फोटो. रविवारी सकाळी टेकडीवरून मंडळी उतरू लागली की दुपारपर्यंत डायजेस्टवाल्यांना इतरांइतक्याच मेल्स, वर प्रत्येकीला वेष्टन.

उलट बाजू अशी की शुक्रवारी संध्याकाळी सहाला टाइप केलेली नोटीस, फोटो नाही, दहा केबीसुद्धा नाही, ती दुसऱ्या दिवशीच्या साडेपाचपर्यंत आत बसून राहिली. फुलाचा फोटो तत्काळ आणि तोडीची नोटीस उद्या, अशी व्यवस्था आपण नकळत लावून घेतली होती.

दुसरी गोष्ट आणखी वाईट होती. डायजेस्टचे दोन प्रकार असतात. एकात मेल्स जशाच्या तशा जोडलेल्या असतात. दुसरा साधा, १९९० च्या आरएफसी ११५३ या नियमाप्रमाणे बांधलेला: सगळ्या मेल्सचा नुसता मजकूर एकाखाली एक, मध्ये तीस आडव्या खुणांची ओळ. मेलमन मुळात हा साधा प्रकार देतं. गटाची भाषा ‘इंग्रजी’ ठेवलेली असेल तर त्या प्रकारात देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, कारण त्या सेटिंगमध्ये इंग्रजीबाहेरचं अक्षर मावतच नाही. बिऱ्हाड हलवलं तेव्हा हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं आणि तेव्हाच्या सगळ्यांना पहिल्या प्रकारात हलवलं होतं. नंतर ज्यांनी स्वतःहून डायजेस्ट निवडलं ते मात्र मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे प्रश्नचिन्हांत. अशा एका काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, “मला वाटलं माझ्याच फोनवर मराठी उमटत नाही. मुलाला सांगणार होते, राहून गेलं.” त्या कितीतरी महिने मजकुरातल्या लिंका उघडून फोटोच बघत होत्या. तक्रार एकदाही नाही.

तिसरी गोष्ट शोधताना मला हसू आलं. मेलमन २.१ मध्ये तातडीच्या मेलची सोय पहिल्यापासून आहे. मेलच्या माथ्यावर ‘अर्जंट’ नावाची एक जादा ओळ घालायची आणि तिच्यात व्यवस्थापकाचा पासवर्ड लिहायचा. अशी मेल डायजेस्टवाल्यांसकट सगळ्यांना त्याच क्षणी जाते. पासवर्डची ओळ वाटेत काढली जाते आणि चुकीचा पासवर्ड असेल तर मेल परत येते. वर्षानुवर्षं हे सर्व्हरवर पडून होतं. अडचण एवढीच की जीमेलच्या वेबवरून किंवा फोनवरून अशी ओळ घालता येत नाही. थंडरबर्डसारखा कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्रॅम लागतो, आणि तिघा व्यवस्थापकांत तो फक्त बाई वापरतात.

बैठक

बैठक कर्वे रोडजवळ एका सभासदाच्या घरी झाली. वरचं सगळं मी सांगितलं. मुख्य व्यवस्थापक काकांनी ते ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न असा विचारला की त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं: “हे सगळं दुरुस्त केलंस तरी रिप्लायचा घोळ राहतोच ना?” राहतो. मी तसं मान्य केलं.

“मग ठेवायचं कशाला? ज्यांना वाचायचंय ते वेबवर वाचतील.”

बाई म्हणाल्या, “अहो, वेबवर जाऊन वाचणारी माणसं वेगळी असतात. जो आपणहून जात नाही त्याच्यासाठीच तर मेल आहे.”

हा मुद्दा मी डायजेस्टवरच्या काही लोकांना फोन करून तपासला होता. शास्त्रीय पाहणी वगैरे नाही, नुसते फोन. एक चित्र मात्र स्पष्ट दिसलं. यातले बरेच जण कधीच लिहीत नाहीत, पण त्यांना हाक मारली की येतात. कोरेगाव रोडच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात एकेकाळी काम केलेले एक गृहस्थ, एक रोपवाटिका चालवणाऱ्या बाई, एक वकील ज्यांनी झाडांची प्रकरणं चालवली आहेत. सुट्या मेल्सवर ढकललं तर काय कराल, या प्रश्नाला वकिलांचं उत्तर एका वाक्याचं होतं: “फिल्टर लावून कोपऱ्यात टाकेन, आणि मग तिकडे बघणार नाही.” म्हणजे कागदोपत्री सभासद साडेतीनशेच राहतील आणि खरे वाचणारे कमी होतील; कुणी सोडून गेलं हे कळणारही नाही. डायजेस्ट बंद करायला माझा विरोध मुख्यतः या एका कारणाने आहे. जास्त लिहिणारे आणि जास्त जाणणारे या गटात एक नाहीत, आणि ठराव आणणारे सगळे पहिल्यांपैकी होते. (मीही पहिल्यांपैकीच आहे, हे टिपण त्याचा पुरावा.)

मग अपेक्षेप्रमाणे व्हॉट्सॲप निघालं. एक तरुण सभासद म्हणाला, “काका, हा सगळा व्याप कशाला? व्हॉट्सॲपला आता हजारावर लोक मावतात, सगळे तिथे येऊ दे.” हे खरं आहे, २०२२ पासून एका ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात. बाईंनी त्याला विचारलं, “गेल्या वर्षीच्या मार्चमधला कौशीच्या झाडाचा फोटो तुझ्या फोनवर शोधून दाखव, लगेच. सापडला तर चहा माझ्याकडून.” तो बिचारा खरंच शोधत बसला. फोन मधल्या काळात बदलला होता. चहा झाला तो घरच्यांनीच केला.

गूगल ग्रुप्सवर जायचाही विचार झाला. तिथे एका मेलमध्ये पंचवीसपर्यंत मेल्स बांधून येतात, किंवा दिवसाचा नुसता सारांश घेता येतो, आणि मराठीची प्रश्नचिन्हं होण्याची भीती नाही. पण याहूचा अनुभव ताजा होता. ज्यांनी तेव्हा रात्री जागून जुन्या मेल्स उतरवून घेतल्या होत्या त्यांनी “पुन्हा दुसऱ्याच्या घरात नको” एवढंच म्हटलं आणि विषय संपला. माझ्या मते तो जरा लवकर संपला. मेलमन २.१ ज्या पायथन २ वर चालतं त्याची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली आहे, म्हणजे हे घर आपलं असलं तरी भिंती जुन्या झाल्या आहेत.

काय ठरलं

डायजेस्ट राहिलं. आकारमानाची मर्यादा ३० केबीवरून ४००० केबीवर नेली, म्हणजे सहसा रोज संध्याकाळी साडेपाचला एकच अंक निघावा. मर्यादा पूर्ण काढून टाकायची असं काकांचं म्हणणं होतं, शून्य लिहिलं की तसं होतं. पण पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी दहा-बारा मोठे फोटो आले तर ती मेल इतकी फुगेल की काहींचे सर्व्हर ती घेणारच नाहीत, म्हणून मी अडलो. त्याच कारणाने एका मेलला ४०० केबीची मर्यादा घातली. यावर कुरकुर झाली आणि ती रास्त आहे: फोटो लहान केला की सालीचा पोत जातो, आणि कांडोळ-सालईसारख्या ठिकाणी सालच तर बघायची असते. मोठा फोटो ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या, असं सांगितलंय. दोन-चार वर्षांत त्यातल्या बऱ्याच लिंका मरतील याची मला खात्री आहे.

डायजेस्टवरच्या सगळ्यांना जोडलेल्या मेल्सच्या प्रकारात आणलं आणि नव्यांसाठी मूळ सेटिंगही तेच केलं. याचा आणखी एक फायदा म्हणजे थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये अंकातली एखादीच मेल उघडून तिला उत्तर देता येतं, मग साखळी तुटत नाही. सरांच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या शेजारी बसून हे दाखवलं. त्यांनी दोनदा करून पाहिलं, कागदावर पायऱ्या लिहून घेतल्या आणि तो कागद पडद्याच्या कडेला चिकटवला. फोनवर वाचणाऱ्यांना ही युक्ती उपयोगाची नाही.

फोनवाल्यांसाठी एक अडसर घातला. विषयात ‘डायजेस्ट, व्हॉल्यूम’ असे शब्द असलेली मेल आता थेट गटावर जात नाही, व्यवस्थापकांकडे थांबते. ते ती नम्रपणे परत पाठवतात: कृपया विषय बदला, खालचं शेपूट काढा, पुन्हा पाठवा. परत पाठवायचा मजकूर बाईंनी लिहिला आहे, काकांच्या मसुद्यात ‘नम्रपणे’ थोडं कमी होतं. काही जण पुन्हा पाठवतात, काही पाठवत नाहीत. न पाठवलेलं उत्तर कामाचं असेल तर ताई स्वतः ते कापून योग्य प्रश्नाखाली टाकतात, वर लिहिणाऱ्याचं नाव घालून. त्यांच्यावर हे काम वाढलं आहे. ठरावात ते लिहिलेलं नाही, पण डायजेस्ट ठेवण्याची किंमत आज त्या मोजतात.

नोटिशींची वाट वेगळी केली. जाहीर नोटीस आली की बाई ‘अर्जंट’ची ओळ घालून ती सगळ्यांना पाठवतात, आणि त्याच वेळी फोनची एक यादी फिरते. यादी भागवार आहे: एरंडवणे-डेक्कन, कोथरूड, औंध, सहकारनगर, कॅम्प. प्रत्येक भागासाठी तिथली जुनी झाडं माहीत असलेली दोन माणसं, आणि फोनवर विचारायचं एकच: हे झाड तुम्ही कधीपासून पाहताय, आणि त्याचा काही कागद, फोटो आहे का. मला या सगळ्यात ही यादी सर्वांत उपयोगी वाटते, आणि तिचा डायजेस्टशी काही संबंध नाही.

सध्या अडलंय ते कॅम्पपाशी. तिथल्या दोघांपैकी एक जण मुलीकडे बंगळुरूला गेले आहेत आणि दुसऱ्यांना दुपारी फोन केलेला चालत नाही. बाईही पुढच्या महिन्यात पंधरा दिवस गावाला जाणार आहेत, तेव्हा काकांनी थंडरबर्ड शिकून घ्यायचं ठरलं आहे. अजून त्यांनी ते उतरवून घेतलेलं नाही.